पिवळी भिंत: भडक कोण, रंग की आपली नजर?

घरातल्या पिवळ्या रंगाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘पिवळा फार भडक दिसतो हो.’ आणि दुसरं, ‘जुन्या लोकांची आवड किती सौम्य होती!’ आज आम्ही दुसरं वाक्य तपासणार आहोत. पहिल्याचा निकाल त्यातूनच लागेल.

व्हर्जिनियातलं मॉन्टिसेलो घ्या. थॉमस जेफरसनचं हे घर, आराखडाही त्याचाच. तिथली जेवणाची खोली विसाव्या शतकात कित्येक दशकं फिकट निळी होती. बघणाऱ्याला ती अगदी ‘त्या काळची’ वाटायची. मग भिंतीवरच्या रंगाच्या थरांची तपासणी झाली आणि २०१० साली खोली पुन्हा रंगवली गेली. कोणता रंग? अंड्याच्या बलकासारखा झगझगीत क्रोम यलो! म्हणजे जे सौम्य वाटत होतं, ते जेफरसनचं नव्हतंच; ते नंतरच्या लोकांनी त्याच्यावर चढवलेलं होतं.

हा रंग तेव्हा नवा कोरा होता. १७९७ साली व्होक्लँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने सैबेरियातल्या एका लालसर खनिजात क्रोमियम शोधलं. त्यातून पुढे हा पिवळा आला. तेव्हा जेफरसनची भिंत परंपरा सांगत नव्हती, ताजं विज्ञान मिरवत होती.

लंडनमध्ये वास्तुविशारद जॉन सोन याने १८१२ च्या सुमारास बांधलेल्या घरात दिवाणखाने असेच पिवळेधमक आहेत. तिथे ‘टर्नर्स पेटंट यलो’ आहे, १७८१ चं पेटंट. पण सोन नुसता रंग लावून थांबला नाही. पडदेही पिवळे, जोडीला आरसे. लंडनच्या करड्या उजेडाला त्याने खोलीत पकडून ठेवलं. आमच्या मते तिन्ही उदाहरणांत हे सर्वांत विचारपूर्वक आहे.

तिसरं उदाहरण चित्रकार क्लोद मोनेचं. जिव्हर्नीच्या घरात जेवणाची खोली पिवळ्याच्या दोन छटांत, भिंतींवर जपानी छापचित्रं, आणि शेजारचं स्वयंपाकघर निळ्या टाइल्सचं. एका खोलीतून दुसरीत डोकावलं की दोन्ही रंग उठून दिसतात. पिवळा एकटा सोडायचा नाही, हे मोनेला पक्कं ठाऊक होतं.

आता टीकेचा मुद्दा. पुनर्रंगकामात रंग परत आणता येतो, उजेड आणता येत नाही. मेणबत्तीचा उजेड स्वतःच पिवळसर. त्यात पिवळी भिंत फिकी, पांढऱ्याकडे झुकलेली दिसते. तीच भिंत थंड पांढऱ्या एलईडीखाली बघितली की हिरवट, कडक वाटते. मग आपण रंगाला भडक म्हणतो. दोष बऱ्याचदा दिव्याचा असतो, शिक्षा मात्र डब्याला!

अर्थात, त्या तेजाचं कौतुक करताना किंमत विसरून चालणार नाही. टर्नरचा पिवळा आणि क्रोम यलो, दोन्ही शिशाचे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ही २०१७ पासून लागू झाली. तेव्हा जुना पिवळा हवा असेल तर छटा घ्या, रसायन नको. आणि जुना रंग घासून काढताना पोरांना लांब ठेवा.

आपल्याकडे चुन्यात पिवडी कालवून भिंती रंगवायचे, आठवतंय? पिवडी म्हणजे पिवळी माती. तिचा रंग मऊ, कारण माती तशी असते. आजोबांची आवड सौम्य होती म्हणून नव्हे. जे मिळालं ते त्यांनी लावलं, जसं जेफरसनने त्याला मिळालेलं लावलं.

म्हणून मंडळी, शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून निर्णय घेऊ नका. भिंतीवर हातभर पट्टा मारा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा. पटला नाही तर खुशाल दुसरा रंग लावा. पण तेव्हा ‘आमच्या पूर्वजांना असलं आवडत नव्हतं’ असं मात्र म्हणू नका. भिंतींचे थर काही वेगळंच सांगतात.