चिकोडीचा तुकाराम

तुकारामबुवा दिसायला कसे होते, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. खात्रीचे म्हणावे असे त्यांचे समकालीन चित्र आपल्यापुढे नाही. देहूचा हा कुणबी वाणी १६५० च्या सुमारास गेला. त्याने मागे ठेवली ती गाथा. आणि तरीही आपल्यापैकी कोणालाही डोळे मिटून तुकाराम आठवायला सांगितले, तर क्षणाचाही विलंब न लागता एक चेहरा समोर येतो. कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हातात चिपळ्या, किंचित वर लागलेले ओले डोळे आणि ओठांवर एक क्षमाशील हसू. हा चेहरा विष्णुपंत पागनीसांचा आहे. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली पडद्यावर आला आणि त्यानंतर महाराष्ट्राने दुसरा तुकाराम पाहिलाच नाही.

ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात अनेकदा सांगून झाली आहे. पण आपण सीमाभागातल्या वाचकांनी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. कारण विष्णुपंत पागनीस मूळचे चिकोडीचे. आणि दामल्यांच्या जोडीने ज्यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला, ते शेख फत्तेलाल ऊर्फ साहेबमामा कागलचे. निपाणीच्या उत्तरेला विसेक किलोमीटरवर कागल, पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर चिकोडी. त्या काळी कागल ही कोल्हापूरच्या छत्रछायेखालची जहागीर होती आणि चिकोडी मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यातला तालुका. आज या दोन गावांच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. मराठी माणसाच्या देव्हाऱ्यातला तुकाराम हा कागलच्या एका मुसलमान चित्रकाराने घडवला आणि चिकोडीच्या एका नटाने त्याला देह दिला. आमच्या भागाने मराठी संस्कृतीला काय दिले, याची यादी करताना आपण साहित्यसंमेलने मोजतो, हुतात्मे मोजतो. हा चेहरा मोजायचा राहून जातो.

चित्र श्रद्धेला जन्म देते, की श्रद्धा चित्राला? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी वाटेल तितका घोळावा. पागनीसांच्या बाबतीत मात्र काय घडले, ते पाहता येते. पागनीस हे कोल्हापूरच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत वाढलेले गायक नट. उमेदीच्या काळात त्यांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या. याच्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातने एकनाथांवर 'धर्मात्मा' काढला होता आणि त्यात एकनाथ झाले होते साक्षात बालगंधर्व. लौकिकाच्या दृष्टीने पागनीस आणि बालगंधर्व यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण बालगंधर्वांचा चेहरा एकनाथांना चिकटला नाही आणि पागनिसांचा तुकारामांना कायमचा चिकटला. याचे कारण माझ्या मते सरळ आहे. बालगंधर्व पडद्यावर आले ते आपली भामिनी, आपली सिंधू, आपली रुक्मिणी बरोबर घेऊन आले. प्रेक्षक एकनाथांत बालगंधर्व शोधीत बसला. पागनीस मात्र जवळजवळ रिकाम्या हाताने आले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांच्या आठवणींचे ओझे फारसे नव्हते, म्हणून त्यावर तुकाराम लिहिता आला. मूर्ती घडवायला ज्या दगडावर आधी काही कोरलेले नाही, तोच दगड लागतो.

आणि तो चेहरा कॅमेऱ्यापुढे कसा ठेवला, हेही पाहिले पाहिजे. फत्तेलाल मुळात चित्रकार, कोल्हापूरच्या पेंटर बंधूंच्या परंपरेतले. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटावर लिहिताना पागनिसांच्या सन्मुखतेकडे लक्ष वेधले आहे. भजनाच्या प्रसंगात तुकाराम आपल्याकडे तोंड करून बसतो, जसा गाभाऱ्यातला देव भक्ताकडे तोंड करून उभा असतो. प्रेक्षक त्याला पाहतो आणि तो प्रेक्षकाला पाहतो. आपल्याकडे याला दर्शन म्हणतात. रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून घराघरांतल्या माणसांना देवाकडे असे समोरासमोर पाहायला शिकवले होतेच. प्रभातने त्या चित्राला गळा दिला, श्वास दिला. पुढे पागनीसांना हिंदीत संतांच्याच भूमिका मिळत गेल्या. १९३९ साली तुलसीदास, १९४० साली नरसी भगत. नट एकदा तसबीर झाला की त्याला चौकटीबाहेर पडता येत नाही. १९४३ साली पागनीस गेले, तसबीर राहिली.

इथवर कौतुक झाले. आता तक्रार.

गाथा उघडून बसावे आणि समोर ती तसबीर ठेवावी, म्हणजे काहीतरी जुळत नाही हे लगेच जाणवते. गाथेतला तुकाराम हसतमुख नाही. तो दुष्काळात पहिली बायको गमावलेला, दिवाळे निघालेला, गावाने थट्टा केलेला माणूस आहे. तो दांभिकांना अशा शब्दांत झोडपतो की पाठ्यपुस्तकवाल्यांना ते अभंग गाळावे लागतात. तो विठोबाशी भांडतो, त्याच्यावर कर्जबुडव्या असल्याचा आळ घेतो, त्याला नाही नाही ते बोलतो. ही भाषा चिडलेल्या, पोळलेल्या, विलक्षण बुद्धिमान शेतकऱ्याची आहे. पागनिसांच्या तुकारामाच्या तोंडून ती निघूच शकत नाही. त्याच्यावर काहीही कोसळो, पोथ्या इंद्रायणीत बुडवायची वेळ येवो, तो दुखावतो, पण रागावत नाही.

मग तुकारामाचा राग गेला कुठे? चित्रपट पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहिला तर उत्तर सापडते. तो राग जिजाईकडे गेला आहे. गौरी नावाच्या, तोवर फारशा कोणाला माहीत नसलेल्या नटीने रंगवलेली ही जिजाई म्हणजे मराठी पडद्यावरचे एक थोर पात्र. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, नवरा टाळ कुटतो आहे. ती पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. देवाशी भांडण! गाथेत जे तुकाराम स्वतः करतो, ते चित्रपटात त्याची बायको करते. लेखक शिवराम वाशीकर आणि दामले-फत्तेलाल यांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. पण परिणाम तोच झाला. एकाच माणसात एकत्र नांदणारी भक्ती आणि बंड यांची वाटणी झाली. भक्ती नवऱ्याच्या वाट्याला आली, बंड बायकोच्या. आणि आपण फ्रेम करून भिंतीवर लावला तो फक्त नवरा.

चित्राची सत्ता ही अशी चालते. ते खोटे बोलत नाही. ते अर्धे सांगते, आणि ते अर्धे इतके सुंदर असते की उरलेले मागायची कोणाला इच्छा होत नाही. शब्दांवरसुद्धा या सत्तेचा अंमल चालला. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी अभंगाच्या धाटणीत एक गीत रचले. ते इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते तुकारामाचेच धरले. जाणकारांनी ते गाथेत शोधून पाहिले म्हणतात. चेहरा पटला म्हणून शब्दही पटले. गेल्या काही दशकांत दिलीप चित्र्यांनी 'पुन्हा तुकाराम' (१९९०) मधून, आ. ह. साळुंखे यांनी 'विद्रोही तुकाराम' (१९९७) मधून हा गाळलेला तुकाराम परत आणण्याचा प्रयत्न केला. सदानंद मोऱ्यांच्या 'तुकाराम दर्शन'ने तर तुकारामाला मराठी समाजाच्या साऱ्या इतिहासात पेरलेला दाखवला. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी नवा 'तुकाराम' काढला. त्यात जितेंद्र जोशींचा तुकाराम आधी तरुण आहे, प्रापंचिक आहे, मग संत आहे. चांगला चित्रपट. पण फ्रेमवाल्याच्या दुकानात आजही तुकाराम मागितला, तर पुढे येतो तो चिकोडीचाच. ग्रंथांनी तसबीर हलत नाही.

कोणी विचारील, मग तसबिरीच नकोत काय? असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या बाईचा दिवस निपाणीत विड्या वळण्यात गेला आणि जिला गाथा वाचता येत नव्हती, तिच्यापर्यंत तुकाराम पोचला तो या तसबिरीतून, सिनेमातून आणि भजनातून. तिच्या तुकारामाला आपण वाचणाऱ्यांनी नाके मुरडावीत हे शोभत नाही. माझे म्हणणे एवढेच, की तसबिरीला प्रश्न विचारता आले पाहिजेत. ते विचारायची सोय आपल्याच परंपरेत आहे. आपल्या भागातली पुष्कळ घरे दत्तभक्त. नृसिंहवाडीला आपण जातो, तिथे गाभाऱ्यात तीन शिरांचा दत्त नाही. तिथे मनोहर पादुका आहेत. औदुंबरला पादुका, गाणगापूरला पादुका. कृष्णेला पूर आला की पाणी त्या पादुकांवरून जाते आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लोक धावत येतात. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री हा दत्त आपल्या घरी आला तो मुख्यतः छापील चित्रातून. महानुभावांचा दत्त तर एकमुखीच. म्हणजे ज्या देवाचे चित्र आपल्याला सर्वांत पाठ, त्याच्या मुख्य स्थानांत ते चित्रच नाही, आणि त्याने कोणाच्या श्रद्धेला तडा गेलेला नाही. वाडीहून परत येणारा माणूस येताना बसस्थानकाजवळ तेच चित्र विकत घेतो. दोन्ही त्याला चालते. हा शहाणपणा आपण तुकारामाच्या बाबतीत का वापरीत नाही?

या प्रश्नाला सीमाभागात आणखी एक पदर आहे. १९६३ साली कन्नडमध्येही 'संत तुकाराम' निघाला. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी, आणि तुकाराम झाले राजकुमार, ज्यांनी १९६० साली कनकदासांना पडद्यावर आणले होते. म्हणजे आमच्या एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गल्लीत, दोन तुकाराम आहेत. एका घरात चिकोडीच्या मराठी नटाचा, शेजारच्या घरात कन्नडिगांच्या लाडक्या राजकुमारांचा. विठोबा तोच. ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटले आणि ज्याच्या दाक्षिणात्य मुळांचा माग रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये काढला, तो. दोन चेहऱ्यांच्या तुकारामावरून आमच्याकडे कधी दगडफेक झाल्याचे मी ऐकलेले नाही.

संतांचे चित्र घरात राहते, म्हणून ते भांडत नाही. वीरांचे चित्र चौकात येते आणि तिथे गोष्ट बदलते. कित्तूरची राणी चन्नम्मा म्हटली की अनेकांच्या डोळ्यांपुढे १९६१ च्या कन्नड चित्रपटातल्या बी. सरोजादेवी येतात. १८३१ साली नंदगडला फाशी गेलेल्या संगोळी रायण्णालाही पडद्याने चेहरा दिलेला आहे. आणि शिवछत्रपतींचे काय? एका भलत्याच सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून आपण कित्येक वर्षे पूजत होतो. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा ते थांबले. चित्र बदलले म्हणून महाराजांवरची निष्ठा कोणाची कमी झाली नाही. हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पण चौकातल्या पुतळ्याजवळ हा विचार टिकत नाही. २०२० साली पिरनवाडीत रायण्णाचा पुतळा रातोरात उभा राहिला आणि शिवाजी चौकात ताण निर्माण झाला. २०२१ च्या डिसेंबरात बंगळूरला महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि पाठोपाठ इकडे अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोघेही परकीय सत्तेशी लढलेले. दोघांचे एकमेकांशी काही भांडण असण्याचे कारण नाही, त्यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. भांडतात ते आपण, आणि त्यांच्या चेहऱ्यांआडून भांडतो. पुतळा उभारणाऱ्याला त्या वीराविषयी काय वाटते, यापेक्षा शेजाऱ्याला काय वाटावे, यासाठी तो उभारलेला असतो.

या सगळ्यात मला पुन्हा साहेबमामा फत्तेलाल आठवतात. १९४० साली याच जोडीने 'संत ज्ञानेश्वर' काढला, त्यात ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक, धर्माने ख्रिस्ती. त्या वेळी कोणी विचारले असेल-नसेल, आज विचारणारे निघाले असते. साहेबमामांना विठोबा कसा सापडला, यावर त्यांनी स्वतः फारसे सांगून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. पण चित्रपट सांगतो. त्यात देहूची ओटी, दावणीची म्हैस, जिजाईचे विस्कटलेले केस, भांड्यांची आदळआपट हे सगळे कागल-निपाणीच्या वस्तीत वाढलेल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात परदेशी परीक्षकांनी या चित्रपटाचा गौरव केला, तो वैकुंठीच्या विमानासाठी खचित नसावा. पुठ्ठ्याचा तो गरुड तेव्हाही पुठ्ठ्याचाच दिसत असणार.

त्या शेवटच्या प्रसंगात तुकाराम वैकुंठाला निघालेला आहे. तो जिजाईलाही बरोबर चल म्हणतो. तिच्यापुढे चूल आहे, पोरे आहेत. वैकुंठ-बिंकुंठ ऐकून घ्यायला तिला सवड नाही. विमान वर जाते तेव्हा ती धावत बाहेर येते आणि खालीच राहते. तुकारामाचे त्या विमानातले चित्र मी बेळगावपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांत पाहिले. हातात वहाण घेतलेली जिजाई अजून एकाही भिंतीवर पाहिली नाही.