'सर्वानुमते' या एका शब्दाविषयी

खुलफा-ए-राशिदीनवर आमच्या मराठीत ज्या चरित्रपुस्तिका निघतात, त्यांची एक ठरावीक चाल आहे. जन्म, कुळ, इस्लामचा स्वीकार, पैगंबरांचा (स.) सहवास, मग साधेपणाचे किस्से. ठिगळाचा कुर्ता, रात्रीची गस्त, पाठीवर पिठाचे पोते. शेवटी वफात. पान उलटले की पुढचे खलीफा सुरू. दोन प्रकरणांच्या मध्ये एकच वाक्य असते: यानंतर सर्वानुमते अमुक खलीफा झाले. मीलादच्या बयानातही हेच वाक्य ऐकू येते आणि मुलांच्या दीनियातच्या पुस्तकातही.

आमचे म्हणणे असे, की या वाङ्मयाचा खरा जीव त्या गाळलेल्या जागेत आहे. एक माणूस जातो, दुसरा अजून यायचा असतो, आणि मधल्या काही तासांत किंवा दिवसांत समाजाला कळते की आपला भरवसा नेमका कोणावर होता. हा क्षण गाळून तवक्कुलची गोष्ट सांगताच येत नाही. जिथे धास्तीच नाही, तिथे भरवसा कसला?

हिजरी 11, म्हणजे इ. स. 632. पैगंबरांची वफात झाली तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) मदिनेच्या कडेला सुन्ह येथे होते. मशिदीत गर्दी जमली होती आणि हजरत उमर (रजि.) ही बातमी मानायलाच तयार नव्हते, असे म्हणणाऱ्यांना ते धमकावत होते. अबू बक्र आले, हुजऱ्यात गेले, चेहऱ्यावरची चादर बाजूला करून त्यांनी चुंबन घेतले आणि बाहेर येऊन लोकांपुढे बोलले. पैगंबरांचे नाव घेऊन त्यांनी सांगितले की ते मरण पावले आहेत. ज्याची इबादत करायची तो मात्र हयात आहे, त्याला मरण नाही. मग सूरह आलि इमरानमधली आयत पढली. पैगंबर मरण पावले किंवा मारले गेले, तर तुम्ही उलट्या पावली फिराल काय, असा तिचा रोख आहे. ती ऐकून उमर यांचे पाय लटपटले. ही आयत आपण आजच ऐकतो आहोत, असे त्यांना वाटले.

वास्तविक ती आयत तेव्हा जुनी झाली होती. उहुदच्या लढाईत, इ. स. 625 मध्ये, पैगंबर मारले गेल्याची अफवा उठली आणि कित्येकांच्या हातापायांतले बळ गेले. त्या प्रसंगाशी ती जोडलेली आहे. म्हणजे प्रश्न सात वर्षे आधी विचारून ठेवला होता. लोकांनी तो पाठही केला होता. पाठ असणे आणि वेळेला आठवणे यांतले अंतर या प्रसंगात जसे दिसते तसे क्वचितच कुठे दिसत असेल.

आता आमच्या मराठीत हे कसे येते पाहा. पैगंबरांनी 'पडदा केला', ते 'अल्लाहच्या सान्निध्यात गेले', असे शब्द येतात. आदब म्हणून ते योग्यच आहेत. आम्हीही घरात तसेच बोलतो. पण हा प्रसंग सांगताना ती आदब आड येते. अबू बक्र यांनी त्या वेळी कोणतीही उपाधी न लावता नुसते नाव घेतले आणि मरणाला मरणच म्हटले. त्यांच्याइतके प्रेम करणारे दुसरे कोण होते? तरीही मवाळ शब्द त्यांनी घेतला नाही, कारण मवाळ शब्दाच्या आडोशाला उमर यांचा नकार तगून राहिला असता. लेखक तो शब्द बदलतो तेव्हा भाषणाचा कणाच काढून घेतो.

त्याच दिवशी सकीफा बनी साइदामध्ये अन्सार जमले. खजरजचे सरदार हजरत साद बिन उबादा (रजि.) आजारी होते, पांघरूण गुंडाळून बसले होते, आवाज क्षीण झाला होता. एक अमीर आमचा, एक तुमचा, असाही प्रस्ताव निघाला. वाद झाला, आवाज चढले आणि अखेर अबू बक्र यांच्या हाती बैअत झाली. हजरत अली (रजि.) आणि बनू हाशिम तेव्हा पैगंबरांच्या अंत्यविधीच्या तयारीत गुंतले होते. शिया बांधव या निर्णयाकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि त्यांच्या दुःखाला चौदा शतकांचा इतिहास आहे. तो वाद सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. पण दोन्ही बाजूंच्या जुन्या इतिहासकारांनी जे लपवले नाही, ते आमच्या पुस्तिकांनी 'सर्वानुमते' या शब्दाखाली का झाकावे? इमान डळमळेल म्हणून? ज्यांनी तो दिवस प्रत्यक्ष पाहिला, त्यांचे इमान टिकले. वर्णन वाचून आमचे बुडेल, ही भीती मुळात भरवशाच्या अभावातूनच येते.

हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांची हकीकत तर मुद्दाम सांगावी अशी. 634 मध्ये उमर खलीफा झाले आणि शाममधले सरसेनापतिपद खालिद यांच्याकडून काढून अबू उबैदा (रजि.) यांना दिले गेले. खालिद त्यांच्या हाताखाली लढत राहिले. पुढे 638 मध्ये त्यांना पदावरून पूर्ण दूर केले. एका सरदाराला दहा हजार दिरहम बक्षीस दिल्याची चौकशी झाली. उमर यांनी जे कारण प्रांतोप्रांती कळवले, ते वृत्तांतांत असे येते: राग नाही, खियानतही नाही, लोक खालिद यांच्यावर विसंबू लागले होते, विजय देणारा कोण हे त्यांना कळावे. एकही लढाई न हरलेल्या सेनापतीला त्याच्या विजयांमुळेच बाजूला करणे, हा निर्णय आजही पचायला जड आहे. व्यवहार म्हणून तो बरोबर होता की नाही, यावर वाद घालता येईल. आमच्या पुस्तिका मात्र वाद घालत नाहीत. त्या उमर यांना न्यायी आणि खालिद यांना आज्ञाधारक ठरवून दोन ओळींत मोकळ्या होतात. खालिद यांच्या मनात काय झाले असेल, अबू उबैदा यांना तो अधिकार हातात घेताना किती अवघडल्यासारखे झाले असेल, या प्रश्नांना तिथे जागा नसते.

पुढचे तर आणखी कठीण. 644 मध्ये उमर यांच्यावर फज्रच्या नमाजात खंजिराचे वार झाले. मरणपंथाला लागलेल्या खलिफांनी सहा जणांची शूरा नेमली, तीन दिवसांची मुदत दिली आणि मुलगा अब्दुल्लाह सल्ल्यापुरता असेल, उमेदवार नसेल, असे बजावले. 656 मध्ये हजरत उस्मान (रजि.) आपल्या घरात शहीद झाले, 661 मध्ये कूफ्यात हजरत अली. चारांपैकी तीन खलीफा मारले गेले, हे वाक्य आम्ही किती पुस्तिकांत शोधले! तुकड्यातुकड्यांनी असते. एका ओळीत, बेरीज करून, नसते. 680 मध्ये यजीद बापाच्या जागी बसला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस करबला घडले. सहाच पिढ्या कशाला, दोन पिढ्यांतच शूरेपासून वारसाहक्कापर्यंत गाडी आली. इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये 'मुकद्दमा' लिहिताना घराण्यांची सत्ता साधारण तीन पिढ्या टिकते असे मांडले आणि त्याची कारणे लोकांच्या एकजुटीत, सवयींत, ऐषारामात शोधली. आमच्या चरित्रकारांचे शास्त्र सोपे आहे: चांगला माणूस आला, चांगले दिवस आले.

या सोप्या शास्त्राची किंमत आम्ही आजही मोजतो. मोहल्ल्यातला कर्ता मुतवल्ली गेला की जमातीत दोन तट आणि एक कोर्टकेस. साहित्यातही तेच. सोलापूरला 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागची पिढी आता एकेक करून गेली. फक्रुद्दीन बेन्नूर 2018 मध्ये गेले. अशा वेळी आमच्या शोकलेखांत एक शब्द हमखास उतरतो: चळवळ 'पोरकी' झाली. शब्द प्रेमाचा आहे, खोटा नाही. पण मदिनेच्या मशिदीतले ते भाषण याच शब्दाविरुद्ध होते. बेन्नूरसरांनी उभे केलेले प्रश्न कोण पुढे नेतो आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोण रुसून घरी बसला आहे, हे त्या लेखांत कधी येत नाही.

रुसून बसलेल्यांवरून पुन्हा साद बिन उबादा आठवतात. मक्का-विजयाच्या दिवशी अन्सारांचा झेंडा आधी त्यांच्याच हातात होता. सकीफ्यातल्या त्या दिवसानंतर त्यांनी बैअत दिली नाही, असे अनेक वृत्तांत सांगतात. कोणी त्यांच्यावर तलवार उपसली नाही. ते शामकडे निघून गेले आणि हौरानमध्ये वारले. या माणसाचे इमान कमी होते असे म्हणण्याची हिंमत कोण करील? त्यांच्यावर मराठीत एक कथा आमच्या वाचनात अजून आलेली नाही.