घर आणि बिऱ्हाड

आपल्याकडे बिऱ्हाड थाटतात, हलवतात, पाठीवर टाकून चालूही लागतात. घराचं तसं नाही. ते बांधायचं असतं, राखायचं असतं, बुडवायचंही असतं. मराठी कादंबरी या दोन शब्दांच्या मधल्या जागेत फार काळ रमली आहे. माझी तक्रार एवढीच, की तिनं मान दिला तो घराला, आणि जीव असलेलं लेखन झालं ते मात्र बहुधा बिऱ्हाडाचं.

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) घ्या. ओस पडत चाललेलं कोकणातलं गाव अंबूवहिनी सांगते, आणि तिच्या बोलीमुळे ते आजही कानात राहतं. नंतरच्या अनेकांनी तिच्याकडून उचललं ते फक्त हळहळणं. सारवलेली ओटी, माजघरातला काळोख, फणसाचा वास: हे सामान आता इतकं हाताळलंय की त्यात कुणी राहत होतं याची खूणही उरलेली नाही.

श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' (१९६२) मला म्हणूनच अधिक खरी वाटते. नायिकेला नावच नाही, ती नुसती 'ती'. नवरा परागंदा, एकत्र कुटुंबात तिचा वाटा राबण्यापुरता. मुलांच्या शिक्षणासाठी ती बाहेर पडून वेगळी चूल मांडते. भरल्या घरात जिला जागा नव्हती, तिचं बिऱ्हाड हेच तिचं पहिलं घर. सासर-माहेरच्या जोडीत बाईचं स्वतःचं असं काय, हा प्रश्न पेंडसे भाषण न करता विचारतात.

विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त (१९९१) घराला अचानक किंमत लागते, तीही सरकारी. धरणाखाली गेलेल्या गावाचा मोबदला मिळतो, तोही कोर्टकज्जे करून. देवळाचं, शेजाराचं, वाटांचं काय, याला पंचनाम्यात रकानाच नसतो. कादंबरी काही ठिकाणी अहवालासारखी पसरते, हे खरं. पण उपटलेल्या माणसांचा संताप तिनं अलंकारिक होऊ दिला नाही.

नेमाड्यांच्या 'हिंदू'त (२०१०) नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून मोरगावकडे वळतो. उपशीर्षकातली 'अडगळ' हा अस्सल घरगुती शब्द आहे: टाकवत नाही, वापरात नाही, म्हणून माळ्यावर. वारशाचं ओझं इतक्या नेमक्या शब्दात क्वचित सापडतं. अर्थात तो माळा वारसाचा. मालतीबाई बेडेकरांनी 'बळी'मध्ये (१९५०) ज्या जमातींना गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात वसवलं होतं त्यांचं जगणं मांडलं. त्यांच्याकडे अडगळ साठवायला माळा कुठून असणार?

आणि फ्लॅट? हप्ते, सोसायटीच्या सभा, अकरा महिन्यांचा करार यांवर निम्मं मध्यमवर्गीय आयुष्य जातं, तरी कादंबरीत ते बहुधा पार्श्वभूमीपुरतंच येतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आठवते ती यासाठी. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो. भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्यात गुंततात, आणि तीच हकिगत आधी तनय, मग अनुजा सांगते. पाहुण्याला नाव नाही, मागचापुढचा पत्ता नाही. तो निघून गेल्यावर परकी होतात ती घरचीच मुलं.