‘योग-मीमांसा’ वाचताना: जर्नलला मान्यता देतं कोण?

पीएचडीला प्रवेश घेतला की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न कानावर पडायला लागतो, “हे जर्नल लिस्टमध्ये आहे का?” त्या जर्नलमध्ये काय छापून येतं, कोण छापतं, कशासाठी छापतं, हे फारसं कोणी विचारत नाही. लिस्टमध्ये असेल तर ठीक, नसेल तर मेहनत वाया. तुम्ही अजून नेट-सेटच्या तयारीत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणारच आहे. म्हणून आज एका अशा नियतकालिकाबद्दल लिहितो आहे, जे असली कुठलीही लिस्ट नसताना, विद्यापीठाच्या बाहेर, एका आश्रमातून सुरू झालं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्याचं कौतुक खूप झालंय. मला ते थोडं तपासून बघायचंय.

भुशीच्या वाटेवरचं जर्नल

पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीला लोणावळा म्हणजे धबधबे, भजी आणि चिक्की. याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं, आणि त्याच वर्षी तिथून ‘योग-मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं.

कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायामाचं शिक्षण, माळसरच्या परमहंस माधवदासांकडे योगाचं, आणि पुढे अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम. कैवल्यधाम निघायच्या आधीच त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना शरीराच्या आत काय होतं, ते क्ष-किरणांनी बघायला सुरुवात केली होती. हे काम छापायचं कुठे? विज्ञानाच्या नियतकालिकांना योग हा विषय वाटत नव्हता, आणि योगाच्या पुस्तकांना मोजमापाची गरज वाटत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःचंच नियतकालिक काढलं.

त्याचा हेतू सोप्या शब्दांत सांगायचा तर असा: योगाबद्दल जे सांगितलं जातं ते प्रयोगशाळेत तपासायचं, आणि तपासलेलं सामान्य माणसापर्यंत न्यायचं. यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला धैर्य लागतं. श्रद्धेचा विषय मोजायला घेतला की आकडे आपल्या बाजूने येतीलच, याची खात्री नसते.

जमलेली गोष्ट: दाव्यांची वर्गवारी

जुने अंक उघडले की आधी नजरेत भरते ती मांडणी. शास्त्रीय विभाग, अर्धशास्त्रीय विभाग, लोकांसाठीचा विभाग आणि संकीर्ण, असे भाग पाडलेले आहेत. माझ्या मते संपादक म्हणून कुवलयानंदांचं सगळ्यात मोठं काम हेच. वाचकाला आधीच कळतं की इथे मोजलेलं सांगतो आहोत, इथे तर्क करतो आहोत, आणि इथे आसन कसं करायचं ते शिकवतो आहोत. आज आपण पेपरमध्ये ‘रिझल्ट्स’ आणि ‘डिस्कशन’ वेगळं करतो, त्यामागेही हाच विचार असतो.

शास्त्रीय विभागातलं एक उदाहरण बघा. नौली करताना साधक गुदद्वारातून पाणी आत ओढू शकतो, हे परंपरेला माहीत होतं. कुवलयानंदांनी दाबमापक लावून मोजलं, तर मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली गेलेला दिसला. पाणी आत येतं ते या दाबाच्या फरकामुळे. गूढ वाटणारी गोष्ट एका मोजमापाने भौतिकशास्त्राच्या चौकटीत आली. विज्ञान शिकलेल्या कोणालाही हे वाचताना आनंद होईल. मला झाला.

दुसरं उदाहरण याहून मोलाचं आहे. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, असं आजही योगाच्या वर्गात सर्रास सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंचं मोजमाप केलं आणि प्राणायामाचं मोल जास्तीच्या प्राणवायूत नाही, असा निष्कर्ष काढला. हे त्यांच्या प्रचाराला सोयीचं नव्हतं. आपल्याच घरातल्या लाडक्या समजुतीला धक्का देणारा निष्कर्ष आपल्याच नियतकालिकात मांडणं, ही माझ्या दृष्टीने ‘योग-मीमांसा’ची सगळ्यात भक्कम जागा आहे.

न जमलेली गोष्ट: घर एकच

आता दुसरी बाजू. प्रयोग करणारे कुवलयानंद, लिहिणारे कुवलयानंद, संपादक कुवलयानंद, आणि ज्यांच्यावर प्रयोग झाले ते बहुतेक त्यांच्याच संस्थेतले मोजके साधक. लेखक आणि छापखाना यांच्यामध्ये परका माणूसच नाही. नौलीतल्या त्या कमी दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. कृतज्ञता म्हणून ते समजू शकतं. पण विद्यार्थी म्हणून माझ्या मनात प्रश्न येतो: गुरूच्या नावाने ओळखली जाणारी गोष्ट उद्या चुकीची ठरली, तर त्याच आश्रमातला शिष्य ते लिहील का?

विभागांची ती सुंदर मांडणीसुद्धा जागोजागी गळते. सर्वांगासनात रक्त गळ्याकडे जास्त जातं, म्हणून थायरॉईड ग्रंथी सुधारते, असं कुवलयानंदांच्या लेखनात येतं. हे शरीररचनेवरून केलेलं अनुमान आहे. थायरॉईडची संप्रेरकं रक्तात थेट मोजायची सोय तेव्हा नव्हती. म्हणजे हे वाक्य अर्धशास्त्रीय खणातलं. पण वाचक खण लक्षात ठेवत नाहीत, वाक्य लक्षात ठेवतात. शेजारच्या पानावर क्ष-किरणांचं छायाचित्र असलं की त्याचा भरवसा या अनुमानालाही मिळतो. आज भिंतीवरच्या योगासनांच्या तक्त्यांवर ‘थायरॉईडसाठी उपयुक्त’ असं छापलेलं दिसतं, तिथे मोजलेलं काय आणि तर्काचं काय, याचा मागमूसही नसतो.

तुम्ही म्हणाल, १९२४ साली, अनुदान नाही, विद्यापीठाचा आधार नाही, अशा वेळी परके समीक्षक आणायचे कुठून? बरोबर आहे, आणि म्हणूनच मी कुवलयानंदांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. प्राणवायूचा निष्कर्ष त्याला साक्ष आहे. पण एका माणसाच्या प्रामाणिकपणावर चालणारी व्यवस्था त्या माणसापुरतीच टिकते. नियतकालिकाच्या इतिहासातही ते दिसतं: मध्ये त्याच्या प्रकाशनात मोठे खंड पडले. संस्थेबाहेर स्वतंत्र लेखकांचा आणि परीक्षकांचा गोतावळा नसला की असं व्हायचंच.

मान्यता बाहेरून आली ती कशी?

राजकीय मान्यता लवकर मिळाली. कुवलयानंदांचा महात्मा गांधींशी पत्रव्यवहार होता, आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात त्यांना स्थान मिळालं. पण माझ्यासाठी महत्त्वाची मान्यता वेगळी आहे.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठातला कोवूर बेहनन हा मानसशास्त्राचा संशोधक कैवल्यधामात येऊन योग शिकला. परत जाऊन त्याने स्वतःवरच प्रयोग केले आणि १९३७ साली पुस्तक लिहिलं. त्याच्या मोजणीत उज्जायी करताना प्राणवायूचा वापर २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के आणि कपालभातीत १२ टक्के वाढलेला दिसला. कुवलयानंदांच्या निष्कर्षाशेजारी हे आकडे ठेवले की लगेच प्रश्न पडतात. पद्धत वेगळी होती का? श्वास रोखायचा काळ वेगळा होता का? वाढलेला वापर स्नायूंच्या कामामुळे तर नव्हे? एकाच माणसावरच्या प्रयोगातून किती सांगता येतं? शंका घेता येईल असा प्रश्न तयार झाला, ही मान्यताच होती.

पुढे १९५७ च्या सुमारास वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले संशोधक उपकरणं घेऊन भारतात आले, आणि त्यांच्या कामाचा काही भाग लोणावळ्यात झाला. योगी हृदय थांबवू शकतो, असा दावा तेव्हा गाजलेला होता. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर बाईंच्या नोंदींमुळे त्याला वजनही आलं होतं. वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ साली ‘सर्क्युलेशन’ या जर्नलमध्ये लिहिलं की हृदय थांबत नाही. श्वास रोखून स्नायू ताणल्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी आणि ठोके जवळजवळ लागेनासे होतात, पण ईसीजी चालूच राहतो. कैवल्यधामने अशा तपासणीला दार उघडं ठेवलं, ही त्या संस्थेच्या बाजूची मोठी गोष्ट. आणि योगाबद्दलचा एक पक्का निष्कर्ष परक्यांच्या जर्नलमध्ये आला, ही ‘योग-मीमांसा’ची मर्यादा.

आणि आपली लिस्ट?

आता आपल्या काळात या. यूजीसीची मान्यताप्राप्त जर्नलांची यादी होती. त्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांची पुण्यातल्या संशोधकांनी छाननी केली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या त्या लेखानुसार, तपासलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकत होती. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ची नवी यादी आली, जिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आली. मधल्या काळात, २०२२ च्या नियमावलीत, प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून यायलाच हवा ही सक्तीही गेली होती.

म्हणजे सुमारे आठ वर्षांत यादी आली, छाटली, बदलली आणि गेली. या काळात एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर आज मान्य, उद्या अमान्य झाला असेल. पेपरमधलं एक अक्षरही त्यामुळे बदललं नाही. यादी निरुपयोगी होती असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना तिने थोडा तरी आळा घातला. पण यादी फक्त दारावरचा पहारेकरी असते. आत काय चाललंय, ते तिला दिसत नाही.

म्हणून जर्नल निवडताना ‘योग-मीमांसा’कडून मी तीन प्रश्न घेतले आहेत. एक: इथे मोजलेलं आणि तर्काने जोडलेलं वेगळं ठेवतात का? दोन: संपादकाच्या किंवा संस्थेच्या आवडत्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष इथे कधी छापून आलाय का? तीन: लेखक आणि संपादक यांच्या ओळखीबाहेरचा कोणी तो पेपर नाकारू शकतो का? पहिल्या दोन प्रश्नांवर १९२४ चं लोणावळ्याचं त्रैमासिक आजच्या कितीतरी चकचकीत जर्नलांपेक्षा वरचढ ठरतं. तिसऱ्यावर ते नापास होतं, आणि त्या नापास होण्याची किंमत थायरॉईडच्या तक्त्यांच्या रूपाने आपण अजून मोजतो आहोत.

तुमच्या विषयातलं एक जर्नल घ्या, त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक उघडा आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधा. एक दुपार पुरेल. विरोधात जाणारा एकही पेपर सापडला नाही, तर ते जर्नल कुठल्याही लिस्टमध्ये असो, तिथे पेपर पाठवायच्या आधी गाईडशी बोला.