पुरुष नसबंदीच्या शस्त्रक्रियापद्धती : एक तौलनिक आकलन

पुरुष नसबंदीच्या पद्धतींची चर्चा भारतात बहुधा 'टाक्याची की बिनटाक्याची' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. वस्तुतः या शस्त्रक्रियेचे दोन भिन्न टप्पे आहेत : शुक्रवाहिनीपर्यंत पोहोचणे आणि ती कायमची बंद करणे. या दोहोंची गल्लत हा सदर चर्चेतील मूलभूत दोष होय.

पहिल्या टप्प्यात पारंपरिक पद्धतीनुसार वृषणकोशावर एक किंवा दोन छेद घेऊन टाके घातले जातात. चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीत वलयाकृती चिमट्याने वाहिनी पकडून टोकदार चिमट्याने त्वचेला केवळ छिद्र पाडले जाते. ते सामान्यतः टाक्याविना भरून येते. तुलनात्मक अभ्यासांत या पद्धतीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग व वेदना कमी आढळल्या. परिणामकारकतेत मात्र फरक दिसला नाही.

परिणामकारकता ठरते ती दुसऱ्या टप्प्यावर. वाहिनीचा तुकडा कापून टोके नुसती बांधणे आणि बांधलेल्या टोकांमध्ये आवरणाचा पडदा घेणे, यांची तुलना करणारी बहुदेशीय चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. वीर्यतपासणीच्या निकषावर पडदा न घेतलेल्या गटात १२.७ टक्के, तर घेतलेल्या गटात ५.९ टक्के अपयश आढळले. शिवाय कोणत्याही पद्धतीने शस्त्रक्रिया झाली, तरी सुमारे तीन महिने अन्य गर्भनिरोधक साधन वापरणे व त्यानंतर वीर्यतपासणी करणे आवश्यक ठरते.

या तांत्रिक भेदाला सामाजिक परिमाणही आहे. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची भीती समाजमनात दीर्घकाळ टिकून राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के होते. अशा स्थितीत 'बिनटाका' हा शब्द पुरुषाची भीती कमी करतो, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु तपासणीअभावी अपयश ध्यानात न आल्यास गर्भधारणेनंतर संशय पत्नीच्या चारित्र्यावर घेतला जाण्याचा धोका असतो. म्हणजे पद्धतीतील उणिवेची किंमत पुन्हा स्त्रीलाच मोजावी लागते.

तात्पर्य, त्वचेवरील टाका वाचला एवढ्यावरून पद्धतीचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. वाहिनी कशी बंद केली आणि ती बंद झाल्याची खात्री केली काय, हेच तुलनेचे खरे निकष ठरतात.