घराचा ठसा

झरीना हाश्मी (१९३७-२०२०) यांच्या कलेविषयी लिहिणारे मिनिमलिझमपाशी थांबतात. आम्हांला ते अपुरे वाटते. अलिगढला जन्मलेल्या, गणित शिकलेल्या या कलावतीची न्यूयॉर्कमधली राहण्याची आणि कामाची जागा एकच होती. तीही सोडावी लागेल अशी धास्ती असताना त्यांनी ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) ही ३६ काष्ठठशांची मालिका केली. घर, दरवाजा, भिंत, सरहद्द... मोजक्या काळ्या रेषा आणि खाली उर्दू शब्द. दोन खोल्यांत राहणाऱ्याला ही काटकसर शैली वाटत नाही. (दस्तरखान उचलला की आम्ही त्याच जागी वह्या तपासतो.) जागा मोजून वापरण्याची सवय हातात उतरते, ती इथे रेषेत उतरली आहे.

उर्दू शाळेतले मूल हे शब्द सहज वाचील. कलादालनातल्या बहुतेकांना मात्र ती नुसती नक्षी. आमची तक्रार उलट आहे. काही ठशांत शब्द आधी वाचला की चित्राला फारसे काम उरत नाही. जिथे घराचा नकाशा आहे, तिथे मात्र शब्द वाचूनही दार कुठे आहे ते शोधावे लागते.