कार्ड एकाचं, रक्त भावकीचं

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, नंदुरबार या आपल्याच राज्यातल्या जिल्ह्यांत आदिवासी कुटुंबं तो पिढ्यानपिढ्या सोसत आली आहेत. १ जुलै २०२३ला केंद्र सरकारनं त्याच्या निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तपासणीनंतर निकालाचं कार्ड हाती येतं आणि लग्नाआधी दोघांनी ते ताडून पाहावं, असा सल्ला मिळतो. सल्ल्यामागचं शास्त्र पक्कं आहे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस स्वतः सहसा धडधाकट असतो.

तेव्हा आमचा आक्षेप तपासणीला नाही. त्या कार्डावर हक्क कुणाचा, हे कुणी विचारत नाही, याला आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. पण हा हक्क व्यक्तीचा. जनुक कधीच एकट्याचं नसतं. मुलगी वाहक निघाली, की आईबापांपैकी एकाकडे तरी ते असणार, भावंडांकडेही असू शकतं. संमतीची सही एकीची, उघडी पडली सगळी भावकी! संमतीची आपली रूढ कल्पना इथं तोकडी पडते.

कायदा तरी आधार देतो का? २०१९च्या विदा-संरक्षण विधेयकात जनुकीय माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. २०२३च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही.

आता आपल्या भूममधलीच एखादी सोयरीक डोळ्यांपुढे आणा. पाहुणे येतात, घराण्याची चौकशी करतात, पत्रिका मागतात. उद्या त्यांनी असलं एखादं कार्ड मागितलं, तर मुलीच्या बापाला 'दाखवत नाही' म्हणता येईल? नकार हीच कबुली धरली जाईल. जनुक मुलात नि मुलीत सारखंच, पण खोट काढली जाते मुलीचीच.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे: दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी, निकाल समुपदेशकासमोर फक्त त्या दोघांना कळावा. मध्यस्थाला, सासऱ्याला, गावपुढाऱ्याला कार्ड मागता येणार नाही, हे अभियानानंच लेखी जाहीर करावं. भावंडांना कधी आणि कसं सांगायचं, यासाठीही त्या माणसाला मदत मिळावी. एवढी व्यवस्था नसेल, तर लोक तपासणीलाच यायचे नाहीत आणि आजार आहे तिथंच राहील.